साहसपटांचा फिरता महोत्सव लातूर-नांदेडला आणायचा असेल तर

उदगीरच्या एका ट्रेकिंग ग्रुपने विचारलं आहे: डोंगर, नद्या, सायकल, लांबचे प्रवास अशा विषयांवरचे माहितीपट घेऊन परदेशातले महोत्सव गावोगाव फिरतात. आपल्याकडे ते पुण्या-मुंबईपर्यंत येतात आणि तिथूनच माघारी जातात. त्यातला एखादा लातूरला किंवा नांदेडला आणायचा तर काय करावं लागतं, पैशाचं कसं जमवायचं, आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे लोक येतील का?

लोक येतील. पण पुण्यात दाखवलं ते जसंच्या तसं इथे लावलंत, तर पहिल्या वर्षी येतील आणि दुसऱ्या वर्षी फिरकणार नाहीत. छत्रपती संभाजीनगरला आणि आसपासच्या जिल्ह्यांत मी असे खेळ बरीच वर्षं लावतोय. हॉल मिळतो, प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, कागदपत्रंही होतात. खेळ रंगतो किंवा पडतो तो कोणते चित्रपट निवडले, कोणत्या क्रमाने लावले आणि ते मराठीत कोणी समजावून दिले यावर. त्यामुळे माझं उत्तर त्याच बाजूला झुकलेलं असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

हे महोत्सव मुळात चालतात कसे, ते थोडक्यात. सगळ्यात जुना इटलीतल्या त्रेंतोचा, १९५२ पासूनचा. कॅनडातल्या बॅन्फचा १९७६ पासून, अमेरिकेतल्या टेल्युराइडचा १९७९ पासून, इंग्लंडमधल्या केंडलचा १९८० पासून. आपल्या शेजारी काठमांडूलाही २००० पासून पर्वतपटांचा महोत्सव भरतो. फिरतीसाठी सगळ्यात ओळखीचं नाव बॅन्फचं. तिथे दर शरद ऋतूत मूळ महोत्सव होतो, त्यासाठी जगभरातून शेकड्यांनी चित्रपट येतात, त्यातले निवडक पुढे वर्षभर देशोदेशी फिरतात. गावात खेळ लावणारा असतो स्थानिक यजमान, म्हणजे उद्या तुम्ही. तुम्हाला फिरतीच्या यादीतून आपल्या संध्याकाळपुरते सहा-आठ चित्रपट निवडता येतात. त्यांची लांबी तीन मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत काहीही असते, आणि सगळं मिळून दोन-अडीच तासांत बसवायचं असतं. मोबदला कधी खेळामागे ठरावीक रक्कम असतो, कधी खुर्च्यांच्या संख्येवर, कधी तिकीटविक्रीतला वाटा. परवाना त्या दिवसापुरता, त्या हॉलपुरता. लातूरच्या खेळाची फाइल दुसऱ्या दिवशी निलंग्याच्या शाळेत लावली तर तो करारभंग ठरतो. त्यामुळे दोन गावं करायची असतील तर ती आधीच लिहून घ्या. दुसऱ्या खेळाला बहुतेक वेळा सवलत मिळते.

महोत्सवाचा भारतात कोणी भागीदार असेल तर त्याच्यामार्फत जा. व्यवहार रुपयांत होतो. थेट परदेशात पैसे पाठवायचे तर बँक कागद मागते, रॉयल्टीवरच्या कराचा प्रश्न येतो, आणि तुमच्या ओळखीचा सीए आठवडाभर फोन उचलत नाही.

आता परवानगी. माहितीपट म्हणजे काही सिनेमा नव्हे, त्याला कशाला सेन्सॉर, असं मला दरवर्षी कोणीतरी सांगतंच. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा आहे आणि तो असा फरक करत नाही. जाहीर खेळ असेल तर प्रमाणपत्र लागतं, नाहीतर महोत्सव म्हणून केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. महोत्सवाच्या भागीदाराने ती काढलेली असेल तर तिच्यात तुमचं गाव आणि तारीख आहे का, हे स्वतः वाचून बघा. फोनवरच्या ‘हो हो, आहे’ वर विसंबू नका. स्वतः काढायची असेल तर महिन्या-दोन महिन्यांची सवड ठेवा. स्थानिक पोलीस ठाण्याचं पत्र आणि हॉलचं अग्निसुरक्षेचं कागदपत्र या गोष्टी नंतरच्या. यूट्यूबवर फुकट दिसतो म्हणून एखादा चित्रपट हॉलमध्ये लावता येतो, असंही नाही. बनवणाऱ्याला ईमेल करा. छोटे चित्रपट करणारे लोक उत्तर देतात, आणि मराठवाड्यातल्या एखाद्या गावात आपला चित्रपट लागणार याचं त्यांना खरंच अप्रूप वाटतं.

आता निवडीकडे येतो. यादी हातात आली की तरुण पोरांचा हात आधी बर्फाकडे जातो. हिमकड्यावरून स्की लावून उडी, हेलिकॉप्टरमधून घेतलेली दृश्यं, ढणढणतं संगीत. असा एक चित्रपट ठेवा, पाच-सात मिनिटांचा, सुरुवातीला. हॉलमधून ‘आई शप्पथ’ असा आवाज येतो आणि लोक सावरून बसतात. पण असे तीन एकामागून एक लावलेत तर काय होतं ते मागच्या रांगेत बसून बघा. दुसऱ्या चित्रपटाच्या चौथ्या-पाचव्या मिनिटाला मोबाइलचे उजेड दिसायला लागतात. ज्याने बर्फावर कधी पाय ठेवला नाही त्याला घसरणं आणि उडणं यातली कसब कळायला काही आधार नसतो. दिसतं छान, पण जीव वर-खाली होत नाही.

चालण्याचं तसं नाही. पैठणहून नाथांची पालखी निघते, शेगावची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत पंढरपूरला जाते. घरातलं कोणी ना कोणी त्या वाटेने चाललेलं असतं. बीडमधल्या कित्येक तालुक्यांतली माणसं ऊसतोडीला शेकडो किलोमीटर लांब जाऊन राहतात. धनगरांचे वाडे दरवर्षी डोळ्यांसमोरून जातात. पायाला फोड येणं, पाणी संपणं, अनोळखी गावात ओसरी मागणं हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून एकट्या बाईने वाळवंट पायी ओलांडलं, म्हाताऱ्याने सायकलवर देश पालथा घातला, बापलेक होडीतून नदीच्या मुखापर्यंत गेले, असे चित्रपट आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतात. त्यात उड्या नसल्या तरी चालतं.

नदीचे चित्रपट तर लातूरच्या खेळात डोळे झाकून घ्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथला प्रेक्षक पडद्यावरचं पाणी निराळ्या नजरेने बघतो. कायाक म्हणजे छोटी वल्ह्याची होडी उलटून माणूस पाण्याखाली गेला की पुण्यात किंकाळ्या येतात. इथे मी शेजारच्या काकूंना म्हणताना ऐकलंय, ‘बघा की, केवढं पाणी वाहून चाललंय.’ हसू आलं, पण पुढच्या वर्षी त्या काकू चार जणींना घेऊन आल्या होत्या.

मृत्यूचा विषय असलेला चित्रपट घ्यायचा का, हा अवघड भाग. गिर्यारोहणाच्या चांगल्या माहितीपटांत तो येतोच. माझं मत, घ्यावा, पण एकच, आणि मध्यंतराच्या लगेच आधी, म्हणजे लोकांना बाहेर जाऊन चहा घेत बोलता येतं. शेवटी कधीच नको. मध्यंतरानंतर हलकंफुलकं काहीतरी लावा, लोक जागेवर येईपर्यंत दहा मिनिटं तशीही जातात. शेवट प्रवासाच्या एखाद्या निवांत चित्रपटाने करा. आणि प्रत्येक चित्रपट आधी स्वतः पूर्ण बघा. शिव्या, दारू, उघडी अंगं, रक्त यांपैकी काय कुठे आहे ते माहीत असलं पाहिजे, कारण हॉलमध्ये चौथीतली लेकरं आजीच्या मांडीवर असणार आहेत.

भाषेचं काय करायचं? बहुतेक चित्रपट इंग्रजीत असतात, आणि ते इंग्रजीही स्कॉटलंडचं नाहीतर न्यूझीलंडचं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही ते नीट कळत नाही. इंग्रजी सबटायटल असलेली प्रत मागून घ्या, ती बहुधा असते. मराठी सबटायटल करायची तर लेखी परवानगी लागते आणि कामही बरंच आहे. पाऊण तासाच्या चित्रपटाला दोन माणसांचा आठवडा सहज जातो. मी बहुतेक वेळा तिसरा मार्ग धरतो. प्रत्येक चित्रपटाआधी दोन मिनिटं मराठीत सांगायचं: हे कुठे आहे, हा माणूस कोण, तो काय करायला निघालाय आणि त्यात अडचण काय. शेवट सांगायचा नाही. एवढं ऐकलेला प्रेक्षक पुढचं इंग्रजी अर्धं समजलं तरी कुठेही अडत नाही.

हे सांगणारा माणूस नीट निवडा. चांगला गिर्यारोहक चांगला सांगतोच असं नाही. तो दोर, गाठी आणि कॅम्पच्या उंचीत शिरतो. शाळेतले भूगोलाचे सर किंवा बाई बघा. आमच्याकडे एक बाई आहेत. अमेरिकेतल्या एल कॅपिटन कड्यावरचा चित्रपट होता, कडा साधारण नऊशे मीटरचा. मीटर सांगून कोणाला काय कळणार? बाई म्हणाल्या, ‘आपला देवगिरीचा डोंगर भोवतालच्या जमिनीपासून साधारण दोनशे मीटर. असे साडेचार देवगिरी एकावर एक ठेवा. आणि तो खंदकाजवळचा तासलेला कडा आठवा, पायऱ्या नाहीत, अंधारी नाही, सरळ भिंत. आता वर जायचंय.’ हॉलमधला जवळजवळ प्रत्येक जण सहलीला देवगिरीवर गेलेला. पुढची वीस मिनिटं कोणी खोकलंसुद्धा नाही.

यातूनच पुढचा मुद्दा. अडीच तासांतली वीस-पंचवीस मिनिटं आपल्यासाठी राखून ठेवा, म्हणजे इथल्या पोरांनी इथल्या जागांवर केलेला एखादा चित्रपट आणि इथल्या एखाद्या माणसाशी गप्पा. महोत्सवाच्या करारात स्थानिक चित्रपट त्यांच्या कार्यक्रमात मिसळायला कधी कधी मनाई असते. मग तो त्यांचा कार्यक्रम सुरू होण्याआधी, वेगळा म्हणून दाखवा. विषय कमी नाहीत. वेताळवाडीचा किल्ला, अंतूर, गौताळ्यातून पितळखोऱ्याला जाणारी वाट, नळदुर्गच्या पाणीमहालावरून पावसाळ्यात कोसळणारी बोरी, सहस्रकुंड, जायकवाडीच्या पाण्यावरचे हिवाळी पक्षी. उदगीरला स्वतःचाच किल्ला आहे, त्यापासून सुरुवात केली तरी हरकत नाही. फक्त पोरं ड्रोन घेऊन सुटतात, त्यांना आवरा. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही, अभयारण्यात वनखात्याला विचारावं लागतं, आणि परवानगी नसलेलं दृश्य तुम्ही जाहीर पडद्यावर दाखवणं म्हणजे स्वतःच्या हाताने पुरावा देणं.

गप्पांसाठी माणसंही आहेत. संभाजीनगरच्या पोलीस दलातले रफीक शेख २०१६ मध्ये एव्हरेस्टवर पोचले, मनीषा वाघमारे २०१८ मध्ये. नावाजलेला पाहुणा मिळाला तर उत्तमच, पण तुमच्याच गावातला एखादा पोस्टमन सायकलवर नर्मदा परिक्रमा करून आलेला असेल तर त्यालाही बोलवा. प्रश्न विचारायला लोक त्याच्यापुढे कमी लाजतात.

हॉलबद्दल. जिल्ह्याच्या गावात नगरपालिकेचं नाट्यगृह किंवा मंगल कार्यालय, एवढेच पर्याय असतात. मॉलमधलं मल्टिप्लेक्स मिळालं तर पडदा-आवाजाची चिंता मिटते, पण भाडं जास्त आणि तुमची फाइल त्यांच्या यंत्रणेला चालेल अशा रूपात, म्हणजे डीसीपी करून द्यावी लागते. नाट्यगृहात अंधार होतो, उतार असतो, पण तिथली ध्वनियंत्रणा माइकवर बोलणाऱ्यासाठी बसवलेली असते. थिएटरसाठी केलेला सहा वाटांचा आवाज तिच्यात घातला की संगीत गर्जतं आणि बोलणं बुडतं. महोत्सवाकडून साधी स्टिरिओ आवाजाची फाइल मागून घ्या, बरीचशी डोकेदुखी संपते. मंगल कार्यालयात वर पत्रा, खाली फरशी, त्यामुळे आवाज घुमतो. मंडपवाल्याकडच्या कनाती बाजूच्या भिंतींना टांगा आणि पुढे सतरंज्या अंथरा. दिसायला लग्नासारखं दिसतं, पण शब्द कळतात.

प्रोजेक्टर सोळा फुटी पडद्याला पाच हजार ल्युमेनच्या (उजेडाचं माप) खाली घेऊ नका, वीस फुटांसाठी सात हजार. हल्ली मंडपवाले एलईडी वॉल घ्या म्हणून मागे लागतात. उघड्यावर, दिवे पूर्ण बंद होत नाहीत अशा मैदानात ती चांगली. बंद हॉलमध्ये मात्र बर्फाचं दृश्य आलं की डोळे दिपतात, आणि पुढच्या रांगांना चित्राऐवजी ठिपके दिसतात. घेतलीच तर उजेड निम्म्याहून खाली आणा आणि पहिली खुर्ची वीस फूट मागे ठेवा.

लाइट जाणार, हे धरूनच चला. जनरेटर सुरू व्हायला अर्धं मिनिट लागतं, पण दिव्याचा जुना प्रोजेक्टर एकदा झपकन बंद पडला की दिवा थंड होऊन पुन्हा पेटेपर्यंत पाच-सात मिनिटं जातात, आणि तेवढ्यात दोन रांगा उठून बाहेर जातात. म्हणून प्रोजेक्टर आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर हवेत, किंवा लेझर प्रोजेक्टर घ्या, तो लगेच उठतो. लॅपटॉप प्रोजेक्टरपासून लांब ठेवायचा असेल तर साधी एचडीएमआय केबल पंधरा मीटरच्या पुढे दगा देते. आणि लॅपटॉपचं इंटरनेट बंद ठेवा. ऐन कड्यावरच्या दृश्यात पडद्यावर कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘भाऊ, दूध घेऊन या’ उमटलेलं सगळ्या गावाने वाचायला नको.

उघड्यावर खेळ लावायचा मोह होतो, जत्रेतल्या टुरिंग टॉकीजची सवय आपल्याला आहेच. डिसेंबर-जानेवारीत साडेसहाला पुरेसा अंधार पडतो, मे महिन्यात साडेसातशिवाय नाही. पावसाळ्यात प्रोजेक्टरच्या झोतात किडे येतात आणि पडद्यावर ते गिधाडांएवढे दिसतात. थंडीत रात्री दंव पडतं, तेव्हा प्रोजेक्टरवर छोटी कनात हवीच.

तारखेचं गणित लातूरला वेगळं आहे. शहरात क्लासेसची हजारो मुलं आहेत, ती तुमचा सगळ्यात मोठा प्रेक्षक होऊ शकतात, पण रविवारी त्यांच्या चाचण्या असतात. दोन-तीन मोठ्या क्लासवाल्यांना विचारून मोकळी संध्याकाळ शोधा. फेब्रुवारी-मार्च बारावी-दहावीचा, तो सोडा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नतिथीला मंगल कार्यालय मिळत नाही, आणि पालिकेचं नाट्यगृह कोणाच्या तरी दौऱ्यामुळे आदल्या दिवशी हातातून जाऊ शकतं, म्हणून भाडं भरल्याची पावती आणि दुसरी जागा दोन्ही तयार ठेवा. खेळ साडेपाचला सुरू करा, साडेआठला संपवा. बायका-मुली येतील आणि आसपासच्या गावच्या लोकांना शेवटची एसटी मिळेल.

पैशाबद्दल एकच ठाम सांगणं: फुकट पास वाटू नका. फुकट पास घेणारा येत नाही आणि त्याची खुर्ची रिकामी राहते. पन्नास रुपये लावा, विद्यार्थ्यांना तीस, पण लावा. तिकिटातून खर्च निघत नाही, तो स्थानिक डॉक्टर, सहकारी बँक, क्लासेस, सायकलचं दुकान यांच्याकडून उभा करावा लागतो. त्यांना पडद्यावर जाहिरात हवी असते. चित्रपटांच्या मध्ये जाहिरात लावायला महोत्सवाची मनाई असू शकते, म्हणून ती मध्यंतरात आणि प्रवेशद्वारावर द्या. पैसे देणाऱ्यांना मंचावर काय मान मिळणार हे पैसे घेतानाच स्पष्ट करा, कारण खरी अडचण सत्काराची. दीपप्रज्वलन, शाल, नारळ, प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय समारोप... चाळीस मिनिटं गेली की बाहेरगावची माणसं घड्याळ बघायला लागतात. माझा नियम दहा मिनिटांचा आहे आणि तो मी निमंत्रण पत्रिकेवरच छापतो. एक-दोन जण रुसतात. रुसू द्या.

तुम्ही जानेवारीचा विचार करत असाल तर महोत्सवाला जूनमध्येच ईमेल टाका. नव्या फिरतीची यादी साधारण मूळ महोत्सव झाल्यावर, नोव्हेंबरनंतर पक्की होते; तोवर तारीख आणि हॉल हातात असू द्या. तोपर्यंत कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये परवानगी घेतलेले दोन छोटे भारतीय चित्रपट लावून एक लहान खेळ करून बघा, मराठीत सांगणारा माणूस त्यातच सापडेल. आणि हॉल ठरवायच्या आधी संध्याकाळी जाऊन बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत बसा. पडदा पूर्ण दिसतो का बघा. बाजूच्या ट्यूबलाइटचा स्विच कोणत्या खोलीत आहे आणि त्या खोलीची किल्ली खेळाच्या रात्री कोणाकडे असणार, हेही विचारून या.